दुभाषे अंताजीपंत आणि ‘लीव्ह’

आमच्या कचेरीत परवा एका नव्या कारकुनाने भावाच्या लग्नासाठी साहेबाकडे ‘लीव्ह’ मागितली. ती मिळाल्यावर बाहेर येऊन तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “लीव्ह म्हणजे रजा. एवढं आलं की झालं.” मी लेखणी दौतीत बुडवली आणि तशीच धरून बसलो. अंताजीपंत असते तर त्या गृहस्थाला लग्नाला वेळेवर पोचू दिलं नसतं. त्याच्या मागे मागे जिना उतरले असते, वेशीपर्यंत गेले असते, आणि एवढ्यावर कसं झालं नाही ते त्याला पटवून दिलं असतं.

अंताजीपंत संगमावरच्या इंग्रजांच्या बंगल्यात दुभाषे होते. अजून पुण्यात श्रीमंतांचं राज्य होतं, शनिवारवाड्यावर भगवा होता, आणि इंग्रजांचा वकील नदीपलीकडे आपला बंगला, बाग, तबेला आणि थोडी शिबंदी घेऊन राहत होता. मी तिथे मोडी लिहायला होतो. आम्ही दोघेही शनिवार पेठेतले, त्यामुळे सकाळी बरोबर निघायचो, उताराने नदी ओलांडायचो. बरोबर निघायचो एवढंच. ते पुढे जायचे, मग काहीतरी आठवून माघारी यायचे, पुन्हा पुढे जायचे. एकाच वाटेने आम्ही चालायचो, पण माझ्या दुप्पट चाल त्यांची व्हायची.

उंच, वाळका माणूस. उपरणं कधी या खांद्यावर, कधी त्या. बोलताना त्याच्या टोकाला गाठ मारायचे, सोडायचे, पुन्हा मारायचे. बंगल्यात त्यांना कोणी बसलेलं पाहिलं नव्हतं. बड्या साहेबाने, म्हणजे खुद्द वकिलाने, एकदा मुद्दाम त्यांच्यासाठी खुर्ची मांडून घेतली, तर त्यांनी तिच्यावर उपरणं ठेवलं आणि आपण पाठीमागे येरझारा घालत राहिले.

इंग्रजी ते मुंबईत शिकले. वडील तिथे एका व्यापाऱ्याच्या पेढीवर होते. गोदीत काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या गोऱ्या सुताराने त्यांना बोलायला शिकवलं, त्यामुळे त्यांच्या इंग्रजीत मधेच खलाशांचे शब्द यायचे आणि साहेब लोक एकमेकांकडे बघून हसायचे. अंताजीपंतांना त्याचं वाईट वाटत नसे. त्यांना भीती होती ती लहान शब्दांची. ते म्हणायचे, “मोठे शब्द बिचारे एका घरात राहतात. जाऊन हाक मारली की ओ देतात. हे लहान शब्द मात्र दारोदार फिरतात, आणि प्रत्येक दारात नाव वेगळं सांगतात.”

त्यातल्या ‘लीव्ह’ने त्यांना पछाडलं होतं. गाव सोडून निघालं की लीव्ह. वस्तू मागे विसरली तरी लीव्ह. वस्तू मुद्दाम ठेवून दिली तरी तेच. काम दुसऱ्यावर सोपवलं, लीव्ह. एखाद्याच्या नादी लागू नका असं सांगायचं असेल तर तेच, परवानगी मागायची तर तेच, रजा घ्यायची तर तेच, आणि मेल्यावर मागे जे उरतं तेही त्याच शब्दात. हे सगळं त्यांना मराठीत नेऊन बसवायचं होतं. मंडईतल्या माळणीला ते विचारायचे, की संध्याकाळी उठताना तू पाटी ‘ठेवून जातेस’ की ‘सोडून जातेस’? ती म्हणायची, घेऊन जाते, चोर काय थोडे आहेत? एवढ्या उत्तरानेही ते खूश व्हायचे. आपल्याकडेही पाहुणा जायला निघाला की ‘रजा घेतो’ म्हणतो आणि चाकरही ‘रजा’ घेतो, हे ज्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, त्या दिवशी नदीच्या ऐन मध्यावर उभं राहून त्यांनी मला ते सांगितलं. धोतर भिजत होतं, त्याचं भान नव्हतं.

त्यांच्या बायकोचं नाव राधाबाई. नवऱ्याच्या या छंदाबद्दल त्या आमच्या घरी एकदाच बोलल्या. “एक शब्द काही ह्यांना सोडवत नाही,” त्या म्हणाल्या, “आणि त्या शब्दाचा अर्थ काय, तर सोडणे.”

पण हा नुसता छंद नव्हता. एकदा श्रीमंतांकडचे एक कारभारी बंगल्यावर बोलणं करायला आले. अंताजीपंत तेव्हा बाहेर होते, म्हणून सुरतेकडून आलेला एक तरुण दुभाष्या मध्ये बसला. उकाडा होता. शिबंदीवरचा कप्तान साहेब उठला, कारभाऱ्यांकडे बघून अदबीने ‘बाय युअर लीव्ह’ म्हणाला आणि खिडकीकडे वळला. तरुण दुभाष्याने सांगितलं, “साहेब म्हणतात, आपण निघावं.” अजून पानसुपारीही झाली नव्हती. कारभारी उठले, जोडे घालून पायऱ्या उतरू लागले, आणि तेवढ्यात अंताजीपंत समोरून आले. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं, साहेबाचे नेमके शब्द कोणते ते विचारलं, आणि हात जोडून म्हणाले, “साहेबांनी आपली परवानगी मागितली होती. खिडकी उघडायला.”

कारभारी थांबले. “इंग्रज परवानगी मागतात,” ते म्हणाले, “हे आज कळलं.” आणि परत वर गेले.

हे सगळे हसून सांगायचे. अंताजीपंत हसायचे नाहीत. त्या दिवशी घरी जाताना ते मला म्हणाले की दुभाष्याने दोघांच्या मध्ये उभं राहायचं असतं, आड नाही. आपलं पदरचं घालायचं नाही, त्यांचं काही गाळायचं नाही. त्या पोराने वाईट काहीच केलं नव्हतं, फक्त हाताला आला तो पहिला अर्थ उचलला होता.

दुसरी एक गोष्ट मी स्वतः पाहिली. शिबंदीतला तोफेवरचा एक गोरा गोलंदाज तापाने गेला. भांबुर्ड्याची गंगू नावाची बाई त्याच्याकडे राहत असे. मरताना त्याने आपलं सामान तिच्या नावे केलं, म्हणजे एक बाज, एक पेटी आणि दोन शेळ्या. तिला बोलावून हे सांगायचं काम अंताजीपंतांवर आलं. साहेबाच्या तोंडी तोच शब्द होता, लीव्ह. ती बाई पदर तोंडाला लावून उभी होती आणि अंताजीपंत व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होते. साहेब ताटकळला. शेवटी अंताजीपंत तिच्यासमोर येऊन म्हणाले, “बाई, तो हे सगळं तुझ्यासाठी ठेवून गेला.”

ती म्हणाली, “मला सोडून गेला म्हणा की.”

साहेबाने विचारलं, ती काय म्हणते? तेव्हा त्यांनी तिचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. त्यात तोच शब्द पुन्हा आला असणार, कारण साहेबाने मान खाली घातली.

त्यानंतरचा पावसाळा सरला आणि पुण्यात काहीतरी बिनसलं. रोज नवी बातमी उठायची. कुणी म्हणायचं लढाई होणार, कुणी म्हणायचं समेट झाला. बाहेरून स्वारांची पथकं येऊन मुठेच्या काठाला उतरत होती. सावकारांनी बायकामुलं गाड्यांत घालून गावांकडे लावून दिली. आम्ही नदी ओलांडताना घाटावरचे लोक बोलायचे थांबायचे. अंताजीपंतांना कुणीतरी मागून ‘साहेबाचा पोपट’ म्हणालं. त्यांनी वळून बघितलं नाही, पण चाल वाढली. बंगल्यातही तीच तऱ्हा होती. साहेब लोक खडकीच्या छावणीकडे घोडे दामटत जायचे आणि यायचे. झाडाआड पान हललं तरी पहारेकरी हटकायचे.

अशात एके दिवशी सकाळी पहारेकऱ्यांनी तबेल्यामागे एक माणूस पकडला. हडपसरचा शेतकरी, राणबा नावाचा. तो सांगत होता की कडब्याची गाडी घेऊन पेठेत आलो होतो, स्वारांच्या गडबडीत एक बैल बुजला, दावं तोडून नदीपार पळाला, त्याला शोधत आलो. कप्तान साहेबाला ते खरं वाटलं नाही. तबेल्यामागे येणारा माणूस घोडे मोजायलाच येतो, असं त्याचं मत. त्याने राणबाला चिंचेच्या झाडाला बांधायला लावलं. दोनच आठवड्यांपूर्वी असाच एकजण धरून छावणीत पाठवला होता आणि तो परत आलेला कुणी पाहिला नव्हता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

दुपार झाली. राणबा उन्हात उभा होता. आधी तो बैलाबद्दल बोलत होता, मग नुसतं पाणी मागू लागला, मग तेही मागेना. अंताजीपंत त्या दिवशी व्हरांड्यातून तबेल्यापर्यंत आणि परत, असे किती वेळा गेले कोण जाणे. इतक्यात छावणीतून स्वार आला. कप्तानाला तातडीने बोलावणं होतं. त्याने घोड्यावर टांग टाकली. शिवदीन हवालदार, उत्तरेकडचा वयस्क माणूस, पुढे होऊन त्याने विचारलं, या माणसाचं काय करायचं? अंताजीपंतांनी ते इंग्रजीत सांगितलं. कप्तानाचं लक्ष पुढच्या रस्त्यावर होतं. तो म्हणाला, “लीव्ह हिम,” आणि घोडा दामटत निघून गेला.

शिवदीनने अंताजीपंतांकडे पाहिलं.

अंताजीपंत म्हणाले, “सोडून द्या त्याला.”

मी व्हरांड्यात होतो. माझी लेखणी थांबली. मला इंग्रजी तेव्हा जेमतेम येत होतं, पण हा शब्द मी रोज नदी ओलांडताना ऐकला होता. शिवदीनने दोर कापला. राणबा खाली बसला, मनगटं चोळली, पाणी प्यायला आणि उठून पळत सुटला. अंताजीपंत त्याच्याकडे पाहत उभे होते.

कप्तान दिवेलागणीच्या आत परत आला. झाडाला नुसता दोर लोंबत होता. मग जे झालं ते आत, बड्या साहेबाच्या खोलीत झालं. कप्तानाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. बडा साहेब वयाने मोठा आणि अंताजीपंतांवर लोभ असलेला. त्याने त्यांना बाजूला घेऊन एक वाट दाखवली. समजण्यात चूक झाली, एवढंच म्हणा, मी मिटवतो. विचार करायला म्हणून त्यांना बाहेर पाठवलं.

मी त्यांच्याजवळ गेलो. म्हणालो, “म्हणून टाका ना पंत. एवढ्याने काय होतंय?”

“चूक झाली म्हणालो,” ते म्हणाले, “तर साहेब विचारील, आजवर आणखी किती झाल्या? या खोलीत मी जे जे बोललो ते सगळं खोटं पडेल. आणि जाणून केलं म्हणालो, तर उद्या हडपसरला स्वार जातील. दुभाष्याने ज्याच्यासाठी चाकरी घालवली तो माणूस साधा आहे, हे कोण मानील?”

“मग खरं काय?”

ते नदीकडे बघत होते. “खरं विचारू नका बापूराव. मी त्याच्या मनगटांकडे बघत होतो आणि तोंडातून शब्द गेला. अर्थ मागाहून आले.”

आत जाऊन त्यांनी सांगितलं की या शब्दाचे ‘सोडून द्या’ आणि ‘राहू द्या तसाच’ असे दोन्ही अर्थ होतात, आपण त्यातला कोणता ते बोलला नाहीत, मी एक सांगितला. यापेक्षा जास्त त्यांनी एक अक्षर काढलं नाही. कप्तान म्हणाला, असा दुभाष्या नको. बड्या साहेबाने थोडा वेळ वाट पाहिली, मग होकाराची मान हलवली. अंताजीपंत बाहेर आले, माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि एकटेच नदीकडे गेले.

पुढे थोड्याच दिवसांत खडकीला लढाई झाली. साहेब लोक आधीच छावणीत निसटले होते. आम्हा कारकुनांना त्या दिवशी येऊ नका असा निरोप होता. बंगला जळला तो आम्ही गच्चीवरून पाहिला. धूर शनिवार पेठेपर्यंत येत होता. दुसऱ्या दिवशी कळलं की सामान राखायला मागे राहिलेला शिवदीन हवालदार त्यात मारला गेला. दोन आठवड्यांत इंग्रज पुण्यात शिरले आणि शनिवारवाड्यावर त्यांचं निशाण लागलं.

शिवदीनची बातमी आल्यापासून अंताजीपंत घरात ठरेनात. सकाळी माझ्या दारात उभे, संध्याकाळी पुन्हा उभे. प्रश्न एकच. राणबा खरंच घोडे मोजायला आला असेल तर? मी सोडला, त्याने जाऊन सांगितलं, आणि त्यावरून बंगल्यावर लोक आले असतील तर? शिवदीनने दोर कापला तो माझ्या शब्दावर. मी म्हणायचो, बंगला सगळ्या पुण्याला माहीत होता, तो जाळायला कुणाच्या हेरगिरीची गरज नव्हती. ते ऐकून घ्यायचे, पायऱ्या उतरायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत येऊन तेच विचारायचे. जेवण तुटलं. राधाबाई माझ्या बायकोला म्हणाल्या, रात्री उठून अंगणात चालतात, मी काही विचारत नाही.

नव्या सरकारला इंग्रजी जाणणारी माणसं हवी होती. मी मोडीसाठी कचेरीत लागलो होतो. तिथल्या साहेबाने अंताजीपंतांना दोनदा बोलावणं पाठवलं. ते गेले नाहीत. म्हणाले, आधी माझं एक काम व्हायचं आहे.

शेवटी थंडी संपता संपता ते म्हणाले, “हडपसरला जाऊन येऊ.” मी कचेरीतून दिवसाची रजा काढली. पहाटे निघालो. वाटभर ते पुढे मागे होत राहिले, पण बोलले काहीच नाहीत. हडपसरला राणबाचं शेत एका माणसाने दाखवलं. तो मोटेवर होता. आम्हा दोघांच्या पगड्या बघून आधी घाबरला. मग मी सांगितलं की आम्ही पुण्याचे, संगमावरच्या बंगल्यात कामाला होतो. तेव्हा त्याने मोट थांबवली आणि आम्हाला बांधावर सावलीत नेलं. अंताजीपंतांना त्याने ओळखलं नाही. त्या दिवशी उन्हात त्याला कोण दिसलं असणार?

अंताजीपंतांना विचारवेना, म्हणून मी विचारलं, तुला धरलं होतं ते कसं सुटलास?

“सायबानं सोडलं की,” राणबा म्हणाला. “घोड्यावर बसताना माझ्याकडं नीट बगितलं बी न्हाई, पर हुकूम दिला. मोठ्या मनाचा मानूस. बांधलं त्यानंच, पर सोडलं बी त्यानंच.”

अंताजीपंतांच्या हातात उपरण्याची गाठ होती, ती तशीच राहिली. मी विचारलं, मग पुढे?

पुढे नदी उतरून पेठेत शिरतो न शिरतो तोच त्याला स्वारांनी हटकलं होतं. बंगल्यातून आलास, मग घोडे किती, पहारे कुठे, तोफ आहे का, सांग. त्यांनी दटावलं, एक कोरडाही ओढला. राणबाने सांगितलं की मी बैल शोधायला गेलो होतो, मी काही पाहिलं नाही.

“पाहिलं नव्हतंस?” अंताजीपंत पहिल्यांदाच बोलले.

“पाहिलं हुतं,” राणबा म्हणाला. “दिवसभर झाडाला उबा हुतो, दुसरं काय बगनार? पर ज्यानं जित्ता सोडला त्याचंच वाईट कसं करायचं? आपल्याला न्हाई जमत, म्हाराज.”

वारा नव्हता. मोटेचे बैल उभ्या उभ्या रवंथ करत होते. अंताजीपंत त्या माणसाकडे पाहत होते. मला वाटलं आता सांगतील. दोन वाक्यांचं काम होतं. त्यांनी ओठ उघडलेही. मग म्हणाले, “बरोबर केलंस. साहेबाला कळलं तर बरं वाटेल.”

राणबाने हात जोडून विचारलं, साहेबाला माझा नमस्कार सांगाल का? अंताजीपंत म्हणाले, सांगतो.

त्याने आम्हाला ताज्या गुळाचा खडा दिला. तो खात आम्ही परत निघालो. वेशीबाहेर आल्यावर मी म्हणालो, पंत, तुमचं नाव सांगायला काय हरकत होती? त्याने ज्याच्यासाठी कोरडा खाल्ला तो कप्तान नव्हताच.

“नव्हता,” ते म्हणाले. “पण कोरडा खाल्ला ते त्याने चांगलंच केलं. आता मी मध्ये जाऊन त्याला काय सांगू, की तुझं चांगलं चुकीच्या माणसासाठी झालं?” आणि थोडं चालल्यावर, “तसं म्हटलं तर कप्तानानेच सोडलं, बापूराव. हुकूम त्याचाच होता.”

मला हसू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी तेही हसले. बंगल्यावर लोक कसे आले, कुणी आणले, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पण राणबाने नेले नव्हते, एवढं त्यांना पुरलं. ते मला म्हणाले, आता कचेरीतल्या साहेबाला सांगा, येतो म्हणून.

ते आले नाहीत. दुसऱ्याच दिवशी मला साहेबाच्या स्वारीबरोबर नगरला जावं लागलं, आणि मी परतलो तेव्हा महामारीची साथ पेठेतून फिरून अंताजीपंतांना घेऊन गेली होती. राधाबाई भावाकडे गेल्या होत्या. घराला कुलूप होतं.

म्हणून हडपसरच्या वाटेवरचे अंताजीपंत हेच माझे शेवटचे. ऊन चढलं होतं, मला पुण्याला पोचायची घाई होती. अर्ध्या कोसावर आल्यावर ते अचानक थांबले.

“अहो, बैल शेवटी सापडला कुठे, हे आपण विचारलंच नाही.”

मी म्हणालो, मोटेला दोन्ही होते की, सापडला असणार.

“सापडला हे दिसलं. कुठे सापडला?”

मी म्हणालो, मला उशीर होतोय. ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी गाठतोच. आणि वळून, धोतराचा सोगा हातात धरून, ते बांधावरून राणबाच्या शेताकडे जवळजवळ पळतच निघाले. मी थोडा वेळ वाट पाहिली. ज्वारीच्या कापणी झालेल्या रानात त्यांची पगडी दूरपर्यंत दिसत होती. मग मोट चालू झाल्याचा आवाज आला, आणि मी चालायला लागलो.